सोफीचे सहावे बोट

कयामतीच्या गोष्टी आपल्याला नव्या नाहीत. बोलायला लागलेल्या वयातच त्या आपल्या कानांवर पडतात. दादी सांगते, मदरशात हाफिजजी सांगतात, रमजानच्या रात्री मोहल्ल्यात बयान असले की लाउडस्पीकरवरून त्या घरात येतात. सूर्य विझणार, तारे गळणार, डोंगर जागचे हलणार, समुद्र उकळणार. लहानपणी हे ऐकताना अंगावर काटा येई. पण मला आठवते त्याप्रमाणे खरी भीती आगीची किंवा भूकंपाची नव्हती. भीती होती ती एकटे पडण्याची. सूरह अबसमध्ये त्या दिवसाचे जे वर्णन आहे, त्यात माणूस आपल्या भावापासून, आईबापापासून, बायकोमुलांपासून दूर पळताना दिसतो. ज्याला-त्याला आपल्यापुरते पडलेले असेल. हे ऐकल्यावर मी रात्री अम्मीचा पदर घट्ट धरून झोपत असे.

ही आठवण निघायला कारण झाली माझी भाची. ती अकरावीत शिकते. घरात आमची कोकणी बोली, शाळा मराठी, नमाज अरबीत आणि हल्ली हातात इंग्रजी कादंबऱ्या, असा तिचा चार भाषांचा संसार आहे. कॉलेजच्या ग्रंथालयातून ती ज्या कादंबऱ्या आणते, त्यांतल्या बहुतेकांत जग आधीच बुडालेले असते. कुठे अणुयुद्ध झालेले असते, कुठे समुद्र चढलेला असतो, कुठे रोगाने माणसे संपलेली असतात. आणि त्या उद्ध्वस्त जगात दोन-चार सोळा-सतरा वर्षांची मुले भटकत असतात. "हे असलं कशाला वाचतेस?" असे तिच्या अम्मीने विचारले, तेव्हा ती म्हणाली, "यातली मुलं एकमेकांना सोडत नाहीत, म्हणून."

हे उत्तर मला विचारात पाडणारे वाटले. मग मीही त्या कादंबऱ्या वाचायला घेतल्या. त्यांतल्या तीन पुस्तकांबद्दल इथे लिहायचे आहे. ही पुस्तके परक्या मुलखातली, परक्या माणसांची असली तरी आपल्या घरांतल्या वयात येणाऱ्या मुलामुलींशी ती काही बोलतात, असे माझे मत झाले आहे.

पहिले पुस्तक सर्वांत जुने. जॉन विंडम या इंग्रज लेखकाचे 'द क्रिसॅलिड्स', १९५५ साली प्रसिद्ध झालेले. क्रिसॅलिस म्हणजे फुलपाखराचा कोष. त्या काळाकडे एकदा पाहायला हवे. हिरोशिमा होऊन दहा वर्षे झाली होती. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरात बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. तिची किरणोत्सारी राख दूरवर असलेल्या एका जपानी मासेमारी बोटीवर पडली आणि बोटीवरचे २३ खलाशी आजारी पडले. न दिसणारे विष हवेतून येते, शरीरात शिरते आणि पुढच्या पिढीचे हातपाय बिघडवू शकते, ही धास्ती त्या वेळी जगभर होती. विंडमची कादंबरी या धास्तीतून आली आहे.

कथा घडते कॅनडाच्या लॅब्राडॉर भागात, आपल्या काळानंतर कित्येक शतकांनी. पूर्वी कधीतरी एक महासंकट आले आणि जुने जग संपले, एवढेच लोकांना ठाऊक आहे. वाचक समजतो की ते अणुयुद्ध होते. तिथले लोक मानतात की ते देवाच्या कोपाने आले. म्हणून आता देवाने घडवले तसेच सगळे शुद्ध राहिले पाहिजे. शेतात वेगळ्या आकाराचे कणीस आले तर जाळायचे. वेगळे वासरू जन्मले तर मारायचे. आणि माणसाचे मूल वेगळे जन्मले तर ते माणूसच नाही असे ठरवून त्याचे पुढचे वंशसातत्य तोडायचे आणि त्याला सीमेवरच्या ओसाड रानात हाकलायचे. माणूस कोणाला म्हणावे, त्याला किती हात, किती पाय, किती बोटे असावीत, याची व्याख्याच त्यांच्या धर्मपुस्तकात आहे. मूल जन्मले की सरकारी तपासनीस येतो आणि ते मूल व्याख्येत बसते असा दाखला देतो. दाखला मिळेपर्यंत घरात मूल जन्मले आहे हे कोणी उच्चारतही नाही. कागदावर माणूस ठरण्याची ही धास्ती या अंकाच्या वाचकाला समजावून सांगावी लागेल, असे मला वाटत नाही.

डेव्हिड स्ट्रॉर्म हा या कथेचा निवेदक. त्याचे वडील गावातले सर्वांत कडवे धर्मनिष्ठ. दहा-एक वर्षांचा असताना त्याला सोफी नावाची मुलगी भेटते. दोघे एका मातीच्या उतारावरून घसरण्याचा खेळ खेळतात आणि सोफीचा पाय दगडांच्या फटीत अडकतो. बूट काढल्याशिवाय पाय निघणार नाही. पण सोफी काही केल्या बूट काढू देत नाही. रडते, पण काढू देत नाही. शेवटी नाइलाज होतो आणि डेव्हिडला दिसते की तिच्या पायाला सहा बोटे आहेत.

व्याख्या त्याला तोंडपाठ आहे. दर रविवारी त्याने ती ऐकलेली आहे. तरीही त्याच्या मनात ती व्याख्या आणि हा पाय यांची सांगड बसत नाही. पापाचे रूप भयंकर असते असे त्याला शिकवलेले होते आणि समोर तर पाय दुखावलेली एक साधी मुलगी बसली होती. तो तिला घरी पोचवतो. तिची आई त्याला विनवते की ही गोष्ट कोणाला सांगू नकोस, आणि तो शब्द देतो.

पुढे एके दिवशी ओढ्याकाठी खेळताना खडकावर सोफीचे ओले पाऊल उमटते आणि गावातला दुसरा एक मुलगा ते पाहतो. त्याच रात्री सोफीचे आईबाप मुलीला घेऊन पळतात. डेव्हिड शक्य तितका वेळ गप्प राहतो. पण वडिलांच्या चाबकापुढे त्या पोराला अखेर तोंड उघडावे लागते.

हा भाग वाचून भाची मला म्हणाली, "मामू, सोफीचा बूट म्हणजे काय ते मला लगेच कळलं."

मी विचारले, "काय कळलं?"

"आपण नवीन ठिकाणी गेलो की आडनाव थोडं उशिरा सांगतो ना, तसं."

ही मुलगी सतरा वर्षांची. तिला हे कोणी शिकवलेले नाही. नव्या वर्गात, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईशी, शिबिरात, तिचे मराठी ऐकून लोक आधी मोकळेपणाने बोलतात. मग नाव कळते आणि पुढचे वाक्य ठरलेले असते: "अगंबाई, किती छान मराठी बोलतेस!" ते कौतुकच असते. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण आईच्या पोटातून जी भाषा आली, तिच्याबद्दल शाबासकी मिळाली की मूल जागच्या जागी पाहुणे होते. आपल्यापैकी कित्येकांनी हे अनुभवले आहे आणि त्यावर लिहिलेही आहे. फरक एवढाच की आपण ते ग्रामीण किंवा सामाजिक कथेतून लिहिले. हिला ते सापडले एका न घडलेल्या भविष्यकाळाच्या गोष्टीत.

मराठीत 'ओळख' हा एक विलक्षण शब्द आहे. इंग्रजीत माणसाची स्वतःची ओळख आणि दोन माणसांची एकमेकांशी असलेली ओळख यांना निरनिराळे शब्द आहेत. आपल्याकडे दोन्हींना एकच शब्द पुरतो. मी कोण आहे, ही माझी ओळख. आणि शेजारचा मला जाणतो, तीही आमची ओळख. या दुसऱ्या ओळखीवाचून पहिली पुरी होत नाही, हे जणू भाषेनेच सांगून ठेवले आहे. सोफी कोण आहे? तपासनिसाच्या वहीत ती एक दोष आहे. डेव्हिडसाठी ती सोफी आहे. त्या पोरीची खरी ओळख त्या एका मुलापाशी जपून ठेवलेली होती.

दुसरे पुस्तक पुष्कळांना सिनेमामुळे माहीत असेल. सुझान कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेची 'द हंगर गेम्स' ही कादंबरी २००८ साली आली. उत्तर अमेरिकेच्या अवशेषांवर एक जुलमी राज्य उभे आहे. ते दरवर्षी बारा जिल्ह्यांतून एकेक मुलगा आणि मुलगी उचलते आणि एकच जण उरेपर्यंत त्यांना एकमेकांना मारायला लावते. सोळा वर्षांच्या कॅटनिसची तिथे बारा वर्षांच्या रू या मुलीशी मैत्री होते. नियमाप्रमाणे दोघी एकमेकींच्या वैरी. रू मारली जाते, तेव्हा कॅटनिस तिचे शरीर रानफुलांनी सजवते. मग रूच्या गरीब जिल्ह्यातले लोक कॅटनिससाठी पाव पाठवतात. दुसऱ्या जिल्ह्याच्या मुलीला त्यांनी काही पाठवण्याची ही पहिलीच वेळ. मयतीच्या घरी शेजाऱ्यांकडून जेवण येते, ते आपल्याला ठाऊक आहे. इथे मयत ज्यांच्या घरची, तेच परक्या मुलीला भाकरी पाठवतात.

पण या पुस्तकाबाबत मला महत्त्वाची वाटते ती पुस्तकाबाहेर घडलेली गोष्ट. रूची कातडी गडद तपकिरी आहे, असे लेखिकेने स्पष्ट लिहिले आहे. २०१२ साली सिनेमा आला आणि त्यात ती भूमिका एका कृष्णवर्णीय मुलीने केली, तेव्हा अमेरिकेत काही तरुण वाचक नाराज झाले. आपल्या मनातली रू अशी नव्हती, असे त्यांनी जाहीरपणे लिहिले. पुस्तक वाचताना ज्या मुलीसाठी त्यांना दुःख झाले होते, तिचा रंग त्यांनी वाचलाच नव्हता. निरागस मुलगी म्हटल्यावर मनाने आपोआप आपल्यासारखीच उभी केली. माया करायची तर तो माणूस आपल्यासारखा असला पाहिजे, ही अट इतकी खोल रुजलेली असते की छापलेला शब्दही डोळ्यांना दिसत नाही.

तिसरे पुस्तक मैत्रीबद्दल नाही. मैत्री न होण्याबद्दल आहे. रॉबर्ट ओब्रायन या अमेरिकन लेखकाचे 'झेड फॉर झकराया'. लेखक १९७३ मध्ये वारला. उरलेला भाग त्याच्या टिपणांवरून पत्नी आणि मुलीने पुरा केला आणि पुढच्या वर्षी पुस्तक निघाले. अणुयुद्धानंतर एका दरीत सोळा वर्षांची अ‍ॅन एकटी उरली आहे. तिच्याकडे लहानपणी बायबलमधल्या नावांचे एक अक्षरांचे पुस्तक होते, 'ए'पासून आदम आणि 'झेड'पासून झकराया. आदम हा पहिला माणूस, तेव्हा झकराया हा शेवटचा असणार, असे तिला बालपणी वाटे. हजरत आदम आणि हजरत जकरिया ही दोन्ही नावे आपल्याही घरातली. म्हणून हे शीर्षक वाचताना मला ते परके वाटले नाही.

एके दिवशी किरणोत्सारापासून वाचवणारा पोशाख घातलेला एक माणूस दरीत येतो. तो आजारी पडतो. अ‍ॅन त्याची शुश्रूषा करते, त्याच्यासाठी दुआ मागते, स्वयंपाक करते. तो बरा होतो आणि हळूहळू मालक बनतो. ट्रॅक्टरची किल्ली त्याच्याकडे, दुकानाला कुलूप त्याचे, शेत कसे पेरायचे हे तोच ठरवणार. मग तो तिच्या शरीरावरही हक्क सांगतो. अख्ख्या जगात दोनच माणसे उरली आहेत असे वाटत असतानाही ती मुलगी ठरवते की अशा सोबतीपेक्षा एकटे चालणे बरे. त्याचा तो पोशाख घेऊन ती दरीबाहेर पडते, कुठेतरी आणखी माणसे असतील या आशेवर. आपल्या मुलींच्या हाती हे पुस्तक पडावे असे मला वाटते. निभावून ने, जुळवून घे, असे सांगणारे पुष्कळ असतात. सोबत आणि दोस्ती यांतला फरक सांगणारे थोडे.

आता पुन्हा सोफीकडे येतो, कारण तिथे भाचीने मला अडवले.

डेव्हिड मोठा होतो. त्याला आणि आणखी काही मुलांना न बोलता एकमेकांच्या मनाशी बोलता येते. हाही दोषच, पण बाहेरून न दिसणारा. गुपित फुटते आणि त्यांना सीमेवरच्या रानात पळावे लागते. तिथे सोफी पुन्हा भेटते. तिचे मूल होण्याचे सामर्थ्य हिरावून घेऊन तिला त्या रानात फेकून दिलेले असते. तरीही ती डेव्हिडला आणि त्याच्या सोबत्यांना लपवते, त्यांच्यासाठी जीव धोक्यात घालते. त्यानंतरच्या लढाईत ती बाण लागून मरते. शेवटी दूरच्या एका प्रगत देशातून विमान येते. त्या देशात सगळेच मनाने बोलतात. विमानातून सोडलेल्या चिकट धाग्यांत पाठलाग करणारे आणि रानातले बहिष्कृत, दोन्ही बाजूंची माणसे गुदमरून मरतात. आलेली बाई सांगते की जुन्या जातीच्या माणसांनी नव्यांना जागा करून द्यायची असते, हा जीवसृष्टीचा नियम आहे, त्याबद्दल खंत कसली? आणि डेव्हिड आपल्या माणसांसह त्या नव्या शहराकडे उडून जातो.

भाची म्हणाली, "मामू, सोफीला सहावं बोट होतं, पण मनाची भाषा येत नव्हती. म्हणजे ती जगली असती तरी त्या नव्या शहरात तिला दाखला मिळाला नसता."

मी पुस्तक दोनदा वाचले होते, पण हा मुद्दा माझ्या ध्यानात आणून दिला तो तिने. वडिलांच्या गावात व्याख्या होती. नव्या शहरातही व्याख्याच आहे, फक्त आता डेव्हिड तिच्यात बसतो. ज्याच्यावर अन्याय झाला तो सुटला, पण अन्यायाचे यंत्र तसेच राहिले. विंडमला हे दाखवायचे होते की त्याने ते नकळत लिहिले, यावर वाद होऊ शकेल. पण सतरा वर्षांच्या मुलीला ते खुपले, ही मला मोठी गोष्ट वाटते. कारण हा प्रश्न आपल्या समाजालाही विचारता येतो. बाहेरच्यांनी आपल्याला व्याख्येत बसवले नाही म्हणून आपण दुखावतो. आणि आपल्यातही कोणाचा मसलक वेगळा, कोणाची जमात खालची, कोणाची मुलगी फार शिकली, कोणाचा मुलगा फार प्रश्न विचारतो, अशी बोटे मोजणारे तपासनीस मोहल्ल्यामोहल्ल्यात बसलेले असतात.

त्या कादंबरीत एक लहानसा प्रसंग मात्र वेगळा आहे. विमानात इंधन मोजके असते. गावात मागे राहिलेल्या एका मैत्रिणीला आणायला जावे तर परत जाता येणार नाही. तेव्हा मायकल नावाचा मुलगा विमानात बसत नाही. तो तिच्यासाठी मागे राहतो. त्याला तर दाखला मिळालेला होता.

मायकलसारखी माणसे कथेतच असतात असे नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत जे घडले, त्यात श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे ९०० माणसे मेली. त्या दिवसांत आमच्या कोकणात परतलेल्या माणसांच्या तोंडून दोन प्रकारच्या हकिगती मी ऐकल्या. दारावरची नावाची पाटी रातोरात काढावी लागली, ही एक. आणि शेजाऱ्याने दार उघडून पोराबाळांसह आत घेतले, बाहेर जमावाला सांगितले की इथे कोणी नाही, ही दुसरी. पहिली हकिगत आपण पुष्कळ वेळा सांगितली आहे आणि सांगायलाच हवी. दुसरी आपण घाईने सांगतो, आभार मानावेत तशी. खरे तर कथा तिथे आहे. ज्याची पाटी शाबूत होती, ज्याला विमानात जागा होती, तो खाली का उतरला?

इथे मला पुन्हा लहानपणची कयामत आठवते. सूरह तकवीरमध्ये सूर्य-ताऱ्यांच्या, डोंगर-समुद्रांच्या त्या महाभयंकर वर्णनाच्या मधोमध एक लहान मुलगी येते. जिवंत पुरलेली. तिलाच विचारले जाते की तुला कोणत्या गुन्ह्यासाठी मारले. आकाश फाटत असताना तिची चौकशी होते. ज्यांनी पुरले त्यांच्या हिशेबात ती कोणीच नव्हती. शेवटच्या दिवशी तिला बोलण्याची जागा मिळते. लहानपणी बयानात मी सूर्य ऐकला, समुद्र ऐकला. ही मुलगी मला फार उशिरा ऐकू आली. आणि हातात रोप असताना कयामत आली तरी जमल्यास ते लावून टाकावे, अशा अर्थाची जी हदीस आहे, तीही मला आता या कादंबऱ्यांच्या शेजारी ठेवावीशी वाटते. जग बुडत असताना करण्यासारखे काहीतरी माणसाच्या हातात उरतेच, असे दोन्हीकडे सांगितले आहे.

मराठीत विज्ञानकथा रुजवणाऱ्या जयंत नारळीकरांचे मे २०२५ मध्ये निधन झाले. त्यांच्या एका कथेत मुंबईवर बर्फ पडतो. प्रलय फक्त लंडन-न्यूयॉर्कमध्येच येत नाही, तो आपल्या ओळखीच्या स्टेशनावरही येऊ शकतो, हे त्यांनी मराठी वाचकाला पटवले. पण मी वाचलेल्या मराठी विज्ञानकथांत आपल्या नावाची मुलगी मला क्वचितच भेटली. आपल्या नावाचे पात्र आले की कथा दंगलीची, तलाकची किंवा ऐक्याची होते. आकाशातून धूमकेतू येत असेल तर तो शबानावरही पडेल, एवढी साधी गोष्ट लिहायची राहून गेली आहे.

भाची आणि तिची एक वर्गमैत्रीण सध्या मिळून एक गोष्ट लिहीत आहेत. गोष्ट घडते आमच्या खेडमध्ये. खेडच्या नदीचे नावच जगबुडी. दर पावसाळ्यात ती धोक्याची पातळी ओलांडते आणि बाजारपेठ माल वर चढवू लागते. यांच्या गोष्टीत ती एकदा चढते आणि उतरतच नाही. मशिदीच्या मिनाराला आणि देवळाच्या कळसाला बांधलेली एकच दोरी आहे आणि तिला धरून होड्या ये-जा करतात. एक पान भाची लिहिते, पुढचे मैत्रीण. भांडणे होतात, पाने फाडली जातात. नायिकेच्या नावावरून बरेच दिवस अडले होते. आपल्याकडचे नाव ठेवले तर लोकांना ती मुसलमानांची गोष्ट वाटेल, असे भाचीचे म्हणणे होते. मैत्रिणीने विचारले, "मग माझ्याकडचं ठेवलं तर ती कोणाची वाटेल?" त्यावर भाचीजवळ उत्तर नव्हते. माझ्याजवळही नव्हते.

शेवटी नायिकेचे नाव आमच्याकडचे ठरले आहे. तिच्या पायाला बोटे किती, ते अजून ठरलेले नाही. आतापर्यंत वहीची चौदा पाने झाली आहेत. पुढच्या वर्षीच्या अंकाची तयारी सुरू होईल तेव्हा संपादकांनी या दोघींना एक पत्र टाकावे, एवढी विनंती मी इथेच करून ठेवतो.